समुपदेशन, उपदेश वगळून

आपण ठणठणीत आहोत, असं मी जवळजवळ वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. "आपल्याला काय होतंय" हे माझं ठेवणीतलं वाक्य. ऑफिसात तेच, नातेवाइकांच्या फोनवर तेच. फक्त संध्याकाळी घरी आलं की एक भानगड व्हायची. पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडला लावायची आणि वर जायचं सोडून तिच्यावरच बसून राहायचं. हेल्मेट डोक्यात, काच खाली. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. हेल्मेटची एक सोय आहे, आत माणूस रडत असला तरी बाहेर पत्ता लागत नाही. काचेवर थोडी वाफ धरते, तेवढंच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बायकोने विचारलं, "गाडी आल्याचा आवाज येतो आणि तू वीस मिनिटांनी वर येतोस. खाली काय करत असतोस?"

"फोन आला होता."

"रोज?"

बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्याआधी तीन वर्षं ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. औषधांचा तक्ता, फिजिओथेरपीच्या वेळा, विम्याचे कागद, रात्रीची उठबस, सगळं माझ्याकडे होतं. ते गेल्यावर बँक, वारसनोंद, पेन्शन बंद करण्याचे अर्ज हेही मीच उरकलं. "तू फार केलंस" असं लोक म्हणायचे तेव्हा माझ्या पोटात काहीतरी आवळायचं. ते काय होतं, ते कळायला पुढचा मे महिना उजाडावा लागला.

डिसेंबरात डॉक्टरकडे गेलो. थायरॉइड, साखर, बी-१२, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट चांगले आले म्हणून वाईट वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. काहीतरी कमी निघालं असतं तर गोळी घेऊन मोकळा झालो असतो. डॉक्टर म्हणाले, "औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. पण आधी कोणाशी तरी नीट बोलून बघा."

कोणाशी, हाच मोठा प्रश्न होता. माझ्या डोक्यात सगळी एकच गल्लत होती. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात, काउन्सेलर औषध देत नाही, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. काउन्सेलरमध्येही पंथ असतात. कोणी विचारांच्या सवयींवर काम करतं, वही देतं, गृहपाठ देतं. कोणी बालपणापासून सुरुवात करतं. आणि कोणी स्वतःला व्यक्तिकेंद्री म्हणवतं, म्हणजे सल्ला न देता समोरच्याला त्याच्या जागेवरून समजून घेणारं. मी गेलो तो या शेवटच्या प्रकारात, आणि खरं सांगायचं तर विचार करून गेलो नाही. जिथे जागा मिळाली तिथे गेलो.

जानेवारीत चौघांना मेल केले. एकांचं उत्तरच आलं नाही. एकांकडे सहा महिने जागा नव्हती. एकांनी दहा सेशनचे पैसे आगाऊ मागितले. माणूस बघितलेला नाही आणि दहाचे पैसे द्यायचे हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. चौथं एक केंद्र होतं, तिथे पाच आठवड्यांची प्रतीक्षायादी. यादीत नाव घातलं. या काळात एक करता येतं, ते मी उशिरा केलं: विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं. प्रशिक्षण कुठल्या पद्धतीचं आणि किती वर्षांचं, सध्या सुपरव्हिजन (स्वतःच्या कामाबद्दल अनुभवी काउन्सेलरशी नियमित बोलणं) चालू आहे का, फी कशी, रद्द केल्यास काय, अडीअडचणीला रात्री फोन चालतो का. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या केंद्रातल्या काउन्सेलर बाईंशी वीस मिनिटांचा फोन झाला. हा फोन फुकट होता, दोघांनी एकमेकांना जोखण्यापुरता. मी विचारलं, "मला नक्की काय करावं लागेल?"

"तुम्ही याल. जे बोलावंसं वाटेल ते बोलाल, नाही वाटलं तर नाही बोलणार. मी ऐकेन, आणि मला जे समजतंय ते बरोबर आहे का, हे तुमच्याकडून तपासून घेत राहीन."

"आणि उपाय?"

"उपाय मी सांगणार नाही. त्याची तुम्हाला चीड येऊ शकते. आली तर तेही बोला."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, समुपदेशन या शब्दात अख्खा उपदेश भरलाय, आणि ह्या बाई म्हणतात तेवढा वगळून देते. नाव जवळजवळ काढूनच घेणार होतो. पण पाच आठवडे थांबलो होतो, ते वाया घालवणं जिवावर आलं. माझ्या बाबतीत चिकाटीपेक्षा कंजुषी जास्त कामाला आली, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

पहिल्या भेटीआधी चार पानी करारपत्र आलं. मी विम्याचे कागद वाचणारा माणूस, त्यामुळे अक्षरन् अक्षर वाचलं. सेशन पन्नास मिनिटांचं, दर मंगळवारी एकाच वेळी, एकाच खोलीत. फी उत्पन्नाच्या तीन टप्प्यांत विभागलेली, मला मधला टप्पा लागला. (हे आपणहून सांगत नाहीत कधीकधी, विचारावं लागतं.) अठ्ठेचाळीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण फी. दोन सेशनच्या मधल्या काळात फोन-मेसेज फक्त वेळ बदलण्यासाठी. बोललेलं गुप्त राहील, पण अपवाद आहेत: माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका वाटला, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला, किंवा कायद्याने माहिती द्यावीच लागली तर. आणि शक्य असेल तिथे आधी मला सांगून. त्या स्वतः आपल्या कामाबद्दल एका अनुभवी काउन्सेलरशी नियमित बोलतात, हेच ते सुपरव्हिजन, आणि तिथे माझं नाव घेतलं जाणार नाही. शेवटी एक मजेदार कलम होतं: रस्त्यात भेटलो तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तरच मी दाखवेन. वाचून हसलो, पण त्यातला विचार पुढे फार आवडला.

मंगळवार, ४ मार्च २०२५. साधी खोली. दोन खुर्च्या समोरासमोर नव्हेत, जराशा तिरक्या, म्हणजे नजर चुकवायची तर मान वळवावी लागत नाही. घड्याळं दोन, एक त्यांना दिसेल असं माझ्या पाठीमागे आणि एक मला दिसेल असं खिडकीत. रुमालांचा खोका माझ्या हाताच्या अंतरावर. तो बघून मी ठरवलं की याला हात लावायचा नाही.

केंद्राचा नियम म्हणून आधी एक प्रश्नावली भरायची होती. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीसपैकी. माझे सोळा आले. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. मी तिथे आधी शून्यावर खूण केली, मग खोडली आणि एकावर केली. त्यांनी ते खोडणं पाहिलं. कुठलाही आडपडदा न ठेवता विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मी म्हटलं, तसं नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं. कधी वाटतं, किती वेळ टिकतं, काही ठरवलंय का, घरात कोणाला माहीत आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि तसा विचार वाढला तर मी कोणाला फोन करायचा हे दोघांनी मिळून कागदावर लिहिलं. असं विचारल्याने नसलेले विचार डोक्यात शिरतात, ही भीती खोटी आहे. अभ्यास तसं सांगतात आणि माझा अनुभव असा की कोणीतरी सरळ विचारल्यावर खांदे खाली आले. तुमच्या मनात असं काही जोरात येत असेल तर प्रतीक्षायादीत थांबू नका. काउन्सेलिंग ही तातडीची सेवा नाही. त्याच दिवशी डॉक्टर किंवा हॉस्पिटल.

मग उरलेल्या वेळात मी माझं निवेदन सादर केलं. हाच शब्द योग्य आहे. फोनमध्ये मुद्दे लिहून नेले होते: बाबांचा आजार, भावाचं वागणं, ऑफिस, झोप. तारखांसकट पंचवीस मिनिटांत संपवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं, की आता तुमची पाळी. त्या म्हणाल्या, "खूप काही सांभाळलंत. आणि ते सांगतानाही सांभाळूनच सांगताय, असं मला वाटलं. बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "आपली सवयच आहे ती."

पुढचे तीन मंगळवार मी खरंच वैतागलो होतो. भावाशी गेलं वर्षभर बोलणं बंद होतं. मी विचारायचो, "तुम्हीच सांगा, मी फोन करू की नको?" त्या म्हणायच्या, "कोणीतरी एकदाचं ठरवून टाकावं असं वाटतंय." अहो, तेच तर विचारतोय! घरी येऊन बायकोला म्हटलं, "पोपट पाळला असता तर स्वस्तात पडलं असतं." २५ मार्चच्या सेशनला तर मी ठरवून गप्प बसलो. बघू या, म्हटलं, किती वेळ टिकतात. खिडकीतल्या घड्याळात सव्वाचे साडे झाले. त्या चुळबुळ करत नव्हत्या, वहीत लिहीत नव्हत्या, माझ्याकडे टक लावूनही बघत नव्हत्या. नुसत्या होत्या. बाबांच्या खोलीत तीन वर्षं मी कितीतरी तास असाच बसलो होतो, पण तिथे शांतता म्हणजे पुढच्या कामापर्यंतचा वेळ. इथे पुढचं काम नव्हतं. पंधरा मिनिटांनी मीच म्हणालो, "माणसाला अशा वेळी काय बोलावं सुचत नाही." आणि बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं: हा माणूस कोण? मी माझ्याबद्दल बोलतोय ना?

ही गोष्ट त्यांनी दाखवून दिली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्हाला सुचत नाहीये." मी 'आपल्याला' म्हणायचो, 'माणसाला' म्हणायचो, 'असं वाटतं' म्हणायचो, आणि त्या ते 'तुम्हाला' करून परत द्यायच्या. दर वेळी. मी ज्याला पोपटपंची समजत होतो त्यात हा एवढा फरक होता, आणि तो माझ्या कानावर पडायला चार आठवडे गेले.

दुसरं, त्या चुकायच्याही. पाचव्या सेशनला भावाबद्दल बोलत होतो. त्या म्हणाल्या, "त्याचा राग येतो." मी म्हटलं, "राग नाही." "मग?" जरा थांबलो. राग खरंच नव्हता. तो भेटायला यायचा तेव्हा बाबा हसायचे, माझ्याशी फक्त गोळ्यांबद्दल बोलायचे. "हेवा," मी म्हटलं. बेचाळीस वर्षांच्या धाकट्या भावाचा हेवा. त्यांचा शब्द चुकला म्हणून मला माझा सापडला. तेव्हापासून मी त्यांना बिनधास्त दुरुस्त करू लागलो. तुमची काउन्सेलर तुमच्या तोंडी चुकीचा शब्द घालत असेल तर मान डोलावू नका. भिडेखातर 'हो हो' म्हणणाऱ्यांचे पैसे इथे फुकट जातात.

८ एप्रिलला सहावं सेशन, म्हणजे ठरल्याप्रमाणे आढावा. चालू ठेवायचं का, काय उपयोगी वाटतं, काय नाही. मी सांगितलं की मला काही पदरात पडल्यासारखं वाटत नाही, पण मंगळवार आला की बरं वाटतं. यातलं कुठलंही वाक्य त्यांना लागलं नाही, किंवा त्या सुखावल्याही नाहीत. २२ एप्रिलला ऑफिसच्या कामासाठी आदल्या दिवशी सेशन रद्द केलं आणि पूर्ण फी भरली. नियम माहीत असूनही तळमळलो. पैशांचा एक बारकावा इथेच सांगतो: महिन्याचं बजेट चार सेशनचं धरू नका. पाच मंगळवारांचे महिने येतात.

मग २७ मे.

त्या दिवशी काही सांगायचं ठरवलं नव्हतं. केंद्राच्या शेजारच्या घराची बेल वाजली. त्या चिमणीच्या आवाजाच्या बेल असतात ना, चिवचिव करणाऱ्या. मी खुर्चीत दचकलो. "काय झालं?" मी म्हटलं काही नाही, आणि मग सांगायला लागलो.

बाबांच्या उशाशी आम्ही तसल्याच बेलचं बटण ठेवलं होतं. त्यांनी दाबलं की माझ्या खोलीत चिवचिव व्हायची. रात्री तीन-तीन वेळा. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्री दोनच्या सुमाराला बेल वाजली आणि मी उठलो नाही. ऐकू आली नाही असं नाही. डोळे उघडे होते. पुन्हा वाजली. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. तिसऱ्यांदा वाजली आणि थांबली. दहा-पंधरा मिनिटांनी गेलो तर बाबा झोपले होते. चादर ओली होती. ते झोपेत असतानाच मी ती बदलली. सकाळी ते काही बोलले नाहीत, मी काही बोललो नाही. दोन महिन्यांनी ते न्यूमोनियाने गेले, त्या रात्रीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला डोक्याने ठाऊक आहे. पण "तू फार केलंस" असं कोणी म्हटलं की मला चिवचिव ऐकू यायची.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि मला उत्तर आधीच माहीत होतं: "अहो, तुम्ही थकला होतात, तुमची काही चूक नाही." कोणीही हेच म्हणेल. मी त्याची वाट बघत होतो, म्हणजे ते झटकून टाकता आलं असतं.

त्या म्हणाल्या, "बेल वाजत होती, तुम्हाला ऐकू येत होती, आणि तुम्ही उठला नाहीत." थोडं थांबून, "आणि तेव्हापासून तुम्ही जागेच आहात."

रुमालांच्या खोक्याला हात न लावण्याचा निश्चय तिथे संपला. नुसते अश्रू नव्हेत, आवाज करून. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी मला थांबवलं नाही, पाणी पुढे केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मला निर्दोष ठरवलं नाही आणि दोषीही नाही. वेळ संपायला पाच मिनिटं असताना म्हणाल्या, "आपल्याकडे पाच मिनिटं आहेत. इथून बाहेर पडण्याआधी काय हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, नुसतं बसायचंय. बसलो. खाली आल्यावर स्कूटर चालवायची हिंमत नव्हती, अर्धा तास चालत फिरलो. सेशननंतरचा तासभर मोकळा ठेवा, लगेच मीटिंग लावू नका. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि पुढचे तीन मंगळवार त्यांची रजा. ३, १० आणि १७ जून. एप्रिलमध्येच सांगितलेली, करारातही लिहिलेली. तरी मला वाटलं, हे काय! माणसाचं पोट फाडायचं आणि टाके न घालता सुटीवर जायचं?

त्या तीन आठवड्यांत रागाच्या भरात मी या पद्धतीबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं. मनात हेतू असा की काहीतरी खोट काढावी. ही कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची वाट. आधी शेतीशास्त्र शिकायला गेलेला माणूस, पुढे बारा वर्षं अडचणीतल्या मुलांसोबत काम केलेला. ११ डिसेंबर १९४० ला मिनेसोटा विद्यापीठात त्याने एक भाषण दिलं, त्यात सल्ला देण्याच्या आणि उलगडून सांगण्याच्या रूढ पद्धतींवर टीका होती, आणि या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून तीच तारीख धरतात. 'पेशंट' हा शब्द बाजूला ठेवून 'क्लायंट' म्हणणं त्यानेच रुजवलं. सेशनचं ध्वनिमुद्रण करून काय घडतं ते तपासणाऱ्या पहिल्या काही जणांतही तो. १९५७ च्या एका निबंधात त्याने माणसात बदल घडायला लागणाऱ्या सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन सगळीकडे सांगितल्या जातात: काउन्सेलरने आतबाहेर एक असावं, समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं, आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यावं. मला थांबवलं ते सहाव्या अटीने. हे स्वीकारणं आणि समजणं समोरच्यापर्यंत निदान थोडं तरी पोचायला हवं. म्हणजे काउन्सेलर कितीही चांगली असो, माझ्यापर्यंत पोचलं नाही तर काम झालं नाही. २७ मेला ते पोचलं होतं. म्हणून तर राग आला होता.

आणखी एक वाचलं. रॉजर्सने सेशनची ध्वनिमुद्रणं ऐकून बदलाचे सात टप्पे मांडले होते. सुरुवातीच्या टप्प्यांत माणूस बाहेरच्या गोष्टींबद्दल बोलतो, स्वतःबद्दल बोलला तरी एखाद्या वस्तूबद्दल बोलावं तसं, भावना असल्या तरी जुन्या, परक्या. मला माझं 'माणसाला असं वाटतं' आठवलं आणि एकटाच ओशाळलो.

२४ जूनला गेलो तेव्हा वाक्य तयार होतं. "तुमची रजा झाली का छान? आपल्याला काय, आपण असतोच." त्यांनी ऐकून घेतलं. मी पुन्हा काहीतरी तिरकस बोललो. मग म्हणालो, "मला राग आलाय. मी ते सांगितलं आणि तुम्ही निघून गेलात."

"हो. तुम्ही एवढं मोठं काढून ठेवलंत आणि मी नव्हते."

बस. माफी नाही, सफाई नाही, "मी तर एप्रिलमध्येच कळवलं होतं" नाही. माझ्या घरात रागाला दोनच उत्तरं माहीत होती, उलटा राग किंवा अबोला. तिसरं असतं हे मी त्या खोलीत पाहिलं. गंमत म्हणजे त्या तासात मी किती वेळा 'मला' म्हणालो ते मला मोजता आलं नाही, पण घरी आल्यावर घसा दुखत होता.

जुलै ते ऑक्टोबर हे महिने बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटतील. भाऊ, ऑफिस, बाबा, पुन्हा भाऊ. काही मंगळवारी निव्वळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मी पैसे वाया गेले म्हणून चरफडत आलो. ऑगस्टमध्ये एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "मघाची दोन मिनिटं माझं लक्ष हललं होतं, मला माफ करा. परत सांगाल?" मला आधी लागलं. मग वाटलं, मी बाबांपुढे तीन वर्षं लक्ष असल्याचं सोंग आणलं, आणि ह्या बाई सरळ सांगून टाकतात. त्या आठवड्यात बायकोला बेलची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मलाही ऐकू आली होती." एवढंच. तीही उठली नव्हती. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो.

भावाला फोन सप्टेंबरात केला. कोणी सांगितलं नाही, ठरवूनही केला नाही. बोलणं चार मिनिटांचं, अर्धंअधिक त्याच्या गाडीबद्दल. आमचं सगळं गोड झालंय असं मुळीच नाही.

ही पद्धत सगळ्यांना मानवेल असं मी म्हणणार नाही. ऑफिसातला एक मित्र अशाच काउन्सेलरकडे तीन वेळा जाऊन सोडून आला. त्याला बंद जागेची भीती वाटायची, लिफ्टमध्ये चढता येत नव्हतं, आणि त्याला पायरीपायरीने सराव करून घेणारं कोणीतरी हवं होतं. त्याला तसं मिळालं आणि तो बरा आहे. काउन्सेलर बदलणं म्हणजे बेइमानी नव्हे. फक्त न सांगता गायब होण्याआधी एकदा जाऊन सांगून बघा, एवढंच म्हणेन, कारण माझं अर्धं काम तक्रारींतूनच झालं.

संपवायचं कसं, याचीही एक पद्धत असते. सप्टेंबरच्या शेवटी मी म्हटलं, आता कमी यावंसं वाटतंय. त्यांनी ना थांबवलं ना घाई केली. २१ ऑक्टोबरनंतर पंधरवड्यातून एकदा, अशी चार, त्यातलं शेवटचं १६ डिसेंबरला. एकूण चौतीस सेशन, फी पस्तिसांची. प्रश्नावली पुन्हा भरली, सात आले. शून्य नाही. नवव्या प्रश्नाला शून्य, या वेळी न खोडता.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "बेलचं तुम्हाला काय वाटलं होतं, खरं सांगा." त्या म्हणाल्या, "मला फार एकटं वाटलं होतं, तुमच्या त्या पांघरुणात." मग पावती घेतली (ऑफिसच्या आरोग्यखर्चाच्या अर्जाला लागते, दर महिन्याला मागून ठेवा, वर्षाची एकदम काढायला त्रास होतो) आणि निघालो.

परवा पुन्हा पार्किंगमध्ये बसलो होतो. बाबांचा वाढदिवस होता. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं होतं. दहा मिनिटांनी फोन वाजला. बायको गॅलरीत उभी.

"वर येतोस की मी खाली येऊ?"

"मला अजून जरा बसायचंय," मी म्हटलं. "तू ये."